पाल, आणि गंजभर दूध

आमच्या घरी दुधाला पाल म्हणायचे. सगळ्या दुधाला नाही, चहाचं ते दूधच, विरजणाचं ते पण दूधच, फक्त रोज सकाळी गडव्यात भरून पोडावर जायचं ना, तेवढ्याला पाल. आजी सपरीतून हाक मारायची, "पोट्टेहो, पाल नेऊन द्या बरं, ऊन व्हाच्या आंधी!" आणि घरी कोणी पुण्याकडची पाहुणी आलेली असली तर तिच्या हातातली कपबशी तिथंच थांबायची, कारण तिच्यासाठी पाल म्हणजे भिंतीवरची, ट्यूबलाइटच्या मागं राहणारी, शेपूट टाकून पळणारी. मग आई समजावून सांगायची, की पाल म्हणजे दूध, कोलाम आदिवासींमधे तसं म्हणतात, आणि पुढची गोष्ट सांगायच्या आधी आवाज खाली करायची, कारण ती गोष्ट आजीला स्वतःच्या कानावर पडलेली चालायची नाही.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याच्या पुढं, पैनगंगेच्या अंगाला. नदीपलीकडं आदिलाबाद, तेव्हा ते आंध्रात होतं, २०१४ पासून तेलंगणात. गावाच्या बाहेर दीडेक किलोमीटरवर टेकडीच्या पायथ्याशी पोड. कोलामांच्या वस्तीला पोड म्हणतात हे आमच्या भागात कोणाला सांगावं लागत नाही, बाहेरच्यांसाठी सांगतोय. निंदण, डवरण, कापूस वेचणी, सगळ्याला पोडावरची माणसं यायची, आमच्या घराला तीन पिढ्या यायची. ती आमच्याशी मराठी बोलायची, पलीकडच्या बाजारात तेलुगू बोलायची, गोंडांशी गोंडी बोलायची आणि आपसात कोलामी. चार भाषा. आणि आम्ही, ज्यांच्या घरात पेपर यायचा, रेडिओ होता, शाळेत पहिला नंबर यायचा, आम्हाला त्यांच्या भाषेतला एक शब्द येत नव्हता. ते आपसात बोलायला लागले की आमच्याकडं म्हणायचे, "काय किलबिल करून राह्यले." त्यांच्या चहाच्या कपबश्या सपरीतल्या कोनाड्यात वेगळ्या ठेवलेल्या असायच्या. हे मी लपवणार नाही, कारण पुढचं सगळं त्याच्याशी बांधलेलं आहे.

१९८६ चा आषाढ. मी आठ वर्षांचा. तीन दिवस झड लागलेली, लाइट गेलेली, चुलीपुढं आजी आणि तिच्या बाजूला मी. दुधाचा पितळी गंज नुकताच खाली उतरवून ठेवला होता, वरून वाफ निघत होती आणि साय धरायला लागली होती. दारात कोणीतरी आलं. पोडावरची जी बाई आमच्याकडं निंदायला यायची तिची सून होती ती, लग्न होऊन आदिलाबादकडून आलेली, बाळंत होऊन महिना दीड महिना झालेला. सासू तापानं पडली होती म्हणून एकटीच आली. डोक्यावर युरियाच्या पोत्याची खोळ, छातीशी फडक्यात गुंडाळलेलं लेकरू, आणि दुसऱ्या हातात एक चेपलेला जर्मनचा लोटा. उंबऱ्याच्या आत आली नाही. पाऊस खोळीवरून गळत होता आणि लेकरू रडत होतं, म्हणजे रडणं संपून नुसतं कण्हणं उरतं ना, तसं.

"पाल," ती म्हणाली. आणि गंजाकडं हात केला. "पाल, पाल."

आजीनं गंजाकडं पाहिलं, मग वर आढ्याकडं पाहिलं. आढ्यात पाली होत्याच, रोज चुकचुकायच्या, आणि चुकचुकली की आजी बोटांनी जमिनीवर टकटक करून कृष्ण कृष्ण म्हणायची. "अवं माय, दुधात पडली का व?" कंदील जवळ नेला, पळीनं साय बाजूला करून पाहिली, वाफेत काही दिसेना. ती पुन्हा म्हणाली, पाल, या वेळी मान हलवून, जोरानं, आणि आजीला वाटलं की ही डोळ्यांनी पाहिलेलं सांगतेय. दुधात पाल पडली म्हणजे विष, ते प्यायलं की अख्खं घर जातं, असं आमच्याकडं सगळेच मानायचे. (घरातली पाल विषारी नसते हे मला फार उशिरा कळलं, तिच्या विष्ठेतून जंतू मात्र अन्नात जाऊ शकतात.) आजीनं फडक्यानं गंज धरला, दारातून तिच्या बाजूनं अंगणात गेली, आणि नालीत उपडा केला.

तीन-चार लिटर असेल. मला अजून दिसतं ते. पावसाच्या गढूळ पाण्यात पांढरा पट्टा धावत गेला, तुळशीच्या ओट्याला वळसा घालून, मग पातळ होत होत मातीच्या रंगाचा झाला. साय तेवढी एका दगडाला अडकून राहिली. ती बाई नालीकडं पाहत होती. काही बोलली नाही. लेकराच्या तोंडावरचं फडकं सारखं केलं आणि वळून पावसात निघून गेली, लोटा तसाच रिकामा हातात. आजी मागून म्हणाली, "बरं सांगतलं व बाई तुनं, नाईतं सारं घर मेलं असतं."

दोन दिवसांनी सासू आली. अजून अंगात ताप होता तिच्या. म्हणाली, "बाई, सुनंनं दूध मांगतलं व्हतं. तिले पाना फुटून नाई राह्यला. आमच्यात दुधाले पाल म्हंतेत." आजी होती तिथंच पायरीवर बसली. बराच वेळ काही बोलली नाही, मग एवढंच विचारलं, "मी सांडलं ते तिनं पाह्यलं का?"

त्या दिवसापासून गडवा सुरू झाला. आधी त्या लेकरासाठी, मग ते मोठं झाल्यावर पोडावर जे कोणतं तान्हं असेल त्याच्यासाठी, आजी गेली त्या वर्षापर्यंत, म्हणजे १९९९ पर्यंत. आणि आजीनं त्या दुधाला कधीही दूध म्हटलं नाही.

एक शब्द असा लहानपणी अंगाला चिकटला की तो पुढं आयुष्यभर कुठंकुठं भेटत राहतो. नागपूरला हॉस्टेलला होतो तेव्हा पहिल्यांदा दक्षिणेकडं गाडीनं गेलो, बल्लारशा सोडलं की तासाभरात स्टेशनांच्या पाट्यांवरची लिपी बदलते, गोल गोल होते, आणि सकाळी कुठल्यातरी स्टेशनवर समोरच्या बर्थवरच्या बाईनं नवऱ्याला खिडकीतून ओरडून सांगितलं, "पालु!" बाळाच्या बाटलीसाठी. मी ताडकन उठून बसलो. तोपर्यंत मी पाल हा पोडाचाच शब्द समजत होतो, दीड किलोमीटरवरच्या तीस-चाळीस घरांचा, आणि इथं आख्खी गाडी तो बोलत होती. मग तमिळ मित्र भेटला, तो म्हणाला आमच्याकडं पण पाल. मल्याळममधे पण पाल. कन्नडमधे हालु, कारण जुन्या कन्नडमधल्या शब्दाच्या सुरवातीच्या प चा पुढं ह झाला, तमिळमधे वाघ पुलि तर कन्नडमधे हुलि, तसंच.

बरो आणि एमेनो या दोघांनी द्रविड भाषांचा एक मोठा व्युत्पत्तिकोश केला आहे, १९६१ साली पहिल्यांदा निघाला, १९८४ साली सुधारून. त्यात दुधाची नोंद मी उघडून पाहिली. तमिळ, मल्याळम, तेलुगू, गोंडी, आणि त्याच ओळींमधे कोलामी. पाल. आमच्या पोडाची भाषा त्या पानावर तमिळच्या बरोबरीनं बसली होती. आणि हा एमेनो तर कोलामीवर वेगळं पुस्तक लिहून गेलेला, १९५५ साली छापलेलं, म्हणजे आमच्या गावात जिला किलबिल म्हणत होते तिचं व्याकरण माझ्या जन्माच्या आधीच अमेरिकेत छापून झालं होतं. मी त्या दिवशी ऑफिसमधून लवकर निघालो, काम होईना.

तमिळमधे तर या शब्दाला अजून पदर आहेत. पाल म्हणजे दूध, आणि पाल म्हणजे भाग, वाटा, विभाग सुद्धा. तिरुक्कुरळ मधे १३३० कुरळ आहेत, त्यांचे तीन भाग पाडलेत, धर्माचा, अर्थाचा आणि कामाचा, आणि त्या प्रत्येक भागाला पाल म्हणतात. तेलुगूत पण पालु म्हणजे दूध आणि वाटा, दोन्ही. दुधाला आणि वाट्याला एकच आवाज. मला हे वाचून आजीचा गडवा आठवला, आता त्याला मी काय करू.

आपल्या मराठीत पण पाल एकटी नाही. एक ती भिंतीवरची. दुसरं पाल म्हणजे कापडाचं, बांबूवर ताणलेलं. आठवडी बाजारात कांदे-लसणाची, मिरचीची, प्लास्टिकच्या चपलांची दुकानं पालाखाली लागतात, आणि गावाबाहेर भटक्यांची पालं पडतात, दिवाळीनंतर आमच्या गावच्या पांदणीला हमखास पडायची, कधी सुया-पोतवाले, कधी जडीबुटीवाले. लिंगसुद्धा वेगळं, ती पाल आणि ते पाल. आणि राज्यपाल, महिपाल यातला पाल म्हणजे सांभाळणारा, तो संस्कृतातून सरळ आलेला.

पण मला सगळ्यात हलवून सोडलं ते इंग्रजीतल्या पालनं. पाल म्हणजे दोस्त, मोबाइलवरून पैसे पाठवायच्या पेपाल या अमेरिकन कंपनीच्या नावात असतो तो. मला वाटायचं हा अस्सल इंग्रजी शब्द असेल. नाही. तो रोमानी भाषेतून आला, युरोपात ज्यांना जिप्सी म्हणून हिणवायचे त्या रोमा लोकांच्या भाषेतून. त्यांच्यात फ्राल किंवा फाल म्हणजे भाऊ. आणि हे रोमा लोक मूळचे आपल्याकडचेच, हजारेक वर्षांपूर्वी भारतातून निघून पश्चिमेकडं सरकत गेलेले. त्यांची भाषा भारतातली आहे हे १७८२ साली रूडिगर नावाच्या जर्मन अभ्यासकानं शब्दाला शब्द लावून दाखवलं. त्यांचे आकडे ऐका, येक, दुइ, त्रिन, श्तार, पांज. फ्राल हा संस्कृत भ्रातृ वरून, ज्याच्यावरून आपला भाऊ आला. म्हणजे इंग्रज पोरगा दोस्ताला पाल म्हणतो तेव्हा तो भाऊच म्हणतोय, आणि तो शब्द त्याला कोणी दिला, तर त्याच्या गावाबाहेर तंबू टाकून राहणाऱ्या, ज्यांच्यावर गावाचा कधी विश्वास नव्हता अशा माणसांनी. गावाबाहेरचं पाल आणि गावाबाहेरच्यांचा पाल. या दोन शब्दांचा एकमेकांशी काही संबंध नाही, हे मला पक्कं माहिती आहे. तरी पांदणीवरून गाडी जाते तेव्हा रिकाम्या जागेकडं पाहून मला दोन्ही सोबतच आठवतात.

बाकीचे पाल लवकर सांगून टाकतो. डच भाषेत पाल म्हणजे जमिनीत रोवलेला खांब. रशियनमधे पाल म्हणजे तो पडला, लढाईत पडलेल्या सैनिकासाठी म्हणतात, आणि वाळलं गवत पेटवून देतात त्या आगीला पण पाल, आपल्याकडं पऱ्हाट्या पेटवतात तसं. माझी भाची मोबाइलवर कोरियन सिरियल पाहते, तिनं मला आकडे शिकवले, इल, इ, साम, सा, ओ, युक, चिल, पाल. पाल म्हणजे आठ. आणि त्याच भाषेत पाल म्हणजे हात, खांद्यापासूनचा आख्खा. आठ हा त्यांनी चिनीतून घेतलेला आणि हात त्यांचा घरचा, दोन्ही येऊन एकाच आवाजात राहिले.

हे असं का होतं, तर त्यात गूढ काही नाही. माणसाच्या तोंडाला आवाज मोजकेच जमतात, बहुतेक भाषांचं काम वीस ते चाळीस आवाजांवर चालतं, आणि ओठ मिटून उघडले, आ केला आणि जीभ वर टेकवली की पाल होतो, कोणालाही जमतो. जितका शब्द आखूड तितकी टक्कर व्हायची शक्यता जास्त. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडला डिक्सन नावाचा भाषाशास्त्रज्ञ १९६० च्या दशकात म्बाबराम भाषेच्या अखेरच्या जाणकारांपैकी एकाकडं, अल्बर्ट बेनेटकडं गेला, कुत्र्याला तुमच्यात काय म्हणतात विचारलं, तर तो म्हणाला, डॉग. डिक्सनला वाटलं इंग्रजी सांगतोय. पण तो त्यांचाच जुना शब्द होता, आसपासच्या भाषांमधल्या गुदाग सारख्या शब्दापासून झिजत झिजत डॉग झालेला. म्हणजे सारखा आवाज हा नात्याचा पुरावा नाही, आणि वेगळा आवाज हा परकेपणाचा पुरावा नाही, पाल आणि हालु सख्खे आहेत.

मला बोलायचंय ते पुढचं आहे. टक्कर होणं अपघात असेल, पण आजीला त्या संध्याकाळी फक्त आपलीच पाल ऐकू आली हा अपघात नव्हता. आमच्या विदर्भाएवढ्या भागात मराठी आहे, गोंडी-कोलामी या द्रविड आहेत, मेळघाटात कोरकू आहे जी मुंडा भाषा, संथालीची बहीण आणि पार कंबोडियातल्या ख्मेरची लांबची नातलग, आणि बुलढाण्यात जळगाव जामोदकडं निहाली आहे जिचं जगात कोणत्याच भाषेशी नातं लागत नाही. एकमेकांशी रक्ताचं नातं नसलेली चार घराणी, एका दिवसाच्या एसटीत. नुसती गोंडी बोलणारे २०११ च्या जनगणनेत देशभरात २९ लाखांच्या वर. आणि आम्ही शाळेत संस्कृत घेतली, मार्क मिळतात म्हणून, मी पण घेतली. भिंतीवरच्या पालीला संस्कृतात पल्ली म्हणतात हे तिथं शिकलो. तमिळमधे पण तिला पल्लि म्हणतात आणि तेलुगूत बल्लि, आणि संस्कृतातली पल्ली ही द्रविडांकडूनच आलेली असावी असं काही अभ्यासकांचं मत आहे. म्हणजे आजीला जी पाल ऐकू आली, ती सुद्धा मुळात त्यांच्याकडचीच असेल. आम्ही शब्द घेतला, घरात वाढवला, आणि देणाऱ्याच्या सुनेनं दारात येऊन तोंड उघडलं तर आम्हाला तिचं कळलं नाही.

ही गोष्ट मी खूप वेळा सांगितली आहे. मित्रांमधे, एकदा कॉलेजच्या कार्यक्रमात स्टेजवरून सुद्धा. माझ्या सांगण्यात ती नेहमी गडव्यावर संपायची, आजीला शब्द कळला आणि रोज दूध सुरू झालं, आणि ऐकणाऱ्यांचे डोळे भरून यायचे. मागच्या चैत्रात गावी गेलो तेव्हा पोडावर गेलो. ती सून आता साठीच्या पुढची आहे, मी तिला मावशी म्हणतो. ते लेकरू चाळीशीचं झालं, पांढरकवड्याला जिनिंगमधे कामाला जातं. मावशी दारात चारोळ्या फोडत बसली होती, दगडावर एक एक ठेवून, टरफल फुटेल पण आतला दाणा फुटणार नाही इतकंच हाणत. मी पण बाजूला बसलो. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं, मावशी, त्या दिवशीचं तुम्हाला काय आठवते?

ती लगेच नाही बोलली. पाचसहा चारोळ्या फोडल्या.

"मले वाटलं माही सावली पडली दुधात," ती म्हणाली. "नाईतं मी हात केला ना तिकडं, म्हून बाटलं. आमच्या हातचं पानी बी नव्हते घेत बाबू तवा गावात. मी रस्ताभर रडत गेली, का लेकराचं दूध माह्या सावलीनं गेलं."

मला काही बोलता येईना. अडतीस-एकोणचाळीस वर्षं आमच्या घरात ही एका शब्दाची गोष्ट होती. तिच्याकडं त्या गोष्टीत शब्द नव्हताच. तिनं दूध मागितलं होतं, आणि एका बाईनं तिच्याकडं बघून गंजभर दूध नालीत ओतलं होतं. आजी मराठीत काय बोलली ते तिला कळायचंच नव्हतं.

"पण मग सासूबाईंनी सांगितलं ना तुम्हाला?"

"सांगतलं. पन पटे नाई. गडवा येऊ लागला तं मले वाटे, बाई भेते. लेकराचा तळतळाट लागन म्हून देते. घे मी, लेकरासाठी. पन गोड नव्हतं लागत."

"मग कधी पटलं?"

तिनं टरफलं हातानं बाजूला सारली. "एक दिस बाई सोताच आली गडवा घेऊन. तुमी पोट्टे शाळंत गेले असान. इथं, या खाटंवर बसली. म्हन्ली, पाल घे. आमच्यावानीच म्हन्ली. मंग मले म्हन्ली, पानी दे व."

आजी पोडावर गेल्याचं आमच्या घरात कोणालाच माहीत नव्हतं. आईला नाही, बाबांना नाही. मी विचारलं, प्यायली?

"पेली ना."

"गडव्यातून?"

"नाई बाबू. गडव्यात तं पाल व्हतं," ती म्हणाली. "आमच्या लोट्यातून."